मौन जमा, भाषा नावे

'डिफॉल्ट' हा शब्द माझ्या पोटापाण्याचा आहे. बँकेत वीस-बावीस वर्षं काढलेल्या माणसाला हा शब्द ऐकला की थकलेला हप्ता, लाल शिक्क्याची नोटीस, जामीनदाराचा पडलेला चेहरा आणि 'साहेब, पुढच्या महिन्यात नक्की' हे वाक्य इतक्या गोष्टी एकदम डोळ्यांसमोर येतात. डिफॉल्टर म्हणजे जो देणं लागतो आणि देत नाही तो. मी वाणिज्य शाखेचा पदवीधर. आम्हाला एका शब्दाला एक अर्थ पुरतो. कला शाखेची मंडळी एका शब्दाचे तीन अर्थ काढतात आणि तिन्हींवर वेगवेगळा चहा पितात, ती गोष्ट निराळी.

त्यामुळे संगणकवाले हाच शब्द भलत्याच अर्थाने आणि तेही हसतमुखाने वापरतात, हे कळलं तेव्हा मी हबकलोच. त्यांच्याकडे डिफॉल्ट म्हणजे तुम्ही काहीच बोलला नाहीत तर तुमच्या पदरात जे पडतं ते. आमच्याकडे न देणारा डिफॉल्टर, त्यांच्याकडे न सांगणारा. आमच्या डिफॉल्टरमागे वसुली अधिकारी लागतो. त्यांच्या डिफॉल्टरला मात्र घरबसल्या, न मागता, काहीतरी मिळून जातं. वरवर पाहता त्यांचं खातं फारच उदार दिसतं. पण वीस वर्षं उदार योजनांची माहितीपत्रकं वाटल्यावर माणूस मागच्या पानावरचा बारीक मजकूर आधी वाचायला शिकतो. तसा तो वाचू लागलो आणि एका जुन्याच नैतिक प्रश्नावर येऊन आदळलो: जो गप्प बसला, त्याचं मत काय धरायचं?

आपल्या पूर्वजांनी हा प्रश्न दोन शब्दांत निकालात काढला होता. मौनं संमतिलक्षणम्. कांदेपोह्यांच्या कार्यक्रमात मुलगी खाली मान घालून बसली की थोरली मंडळी 'होकार आहे हो तिचा' म्हणून मोकळी व्हायची. तिची मान पोह्यांत खडा लागल्यामुळे खाली असेल, असं कुणाच्या मनातही येत नसे. आमच्या सोसायटीचा सेक्रेटरी अजूनही याच शास्त्राने निवडला जातो. 'कोण होतंय सेक्रेटरी?' असा प्रश्न सभेत पडला की जो शेवटपर्यंत काही बोलत नाही, त्याची एकमताने निवड होते. गेली चार वर्षं तो मान माझ्याकडे आहे.

या सेक्रेटरीपणासाठीच मला घरी एक संगणक लागत होता. माझा भाचा जर्मनीत श्टुटगार्टला असतो. (मुंबई आणि श्टुटगार्ट ही १९६८ पासूनची जुळी शहरं आहेत. जुळ्यांमधलं एक गोरं आणि शिस्तीचं, दुसरं सावळं आणि सदा घाईत, असं घराघरांत दिसतंच.) त्याने नवा लॅपटॉप घेतला आणि सुट्टीत येताना जुना मला आणून दिला. 'मामा, सगळं इंग्रजीत करून ठेवलंय, बिनधास्त वापरा,' म्हणाला. वापरलाही. मग सोसायटीच्या नोटिसा आणि हिशेब यांच्यासाठी लेखन आणि आकडेमोड दोन्ही करणारा एक नवा प्रोग्राम त्यात बसवला आणि एका रविवारी सकाळी आठ वाजता तो उघडला.

प्रोग्राम जर्मन निघाला.

वरच्या पट्टीवर शब्दांची रांग होती. मराठी माणूस अनोळखी परकी भाषा इंग्रजीच्या उच्चारांनीच वाचतो. त्यामुळे मी पहिला शब्द 'डेटई' असा वाचला. हे कोकणातल्या एखाद्या एस.टी. न जाणाऱ्या गावाचं नाव शोभलं असतं. दुसरा 'बेअरबीटन'. म्हणजे अस्वलाला कुणीतरी मारलेलं. त्यापुढे 'आइनफुगेन', 'फेन्स्टर', 'हिल्फे'. हा शेवटचा शब्द म्हणजे 'मदत', असं मला मागाहून कळलं. मदतीची गंमत अशी की, ती कुठे मिळते हे विचारायलाही आधी मदत लागते.

"अहो, भाच्याला फोन करा की," सौभाग्यवती म्हणाल्या.

"अगं, तिकडे आत्ता पहाटेचे चार वाजलेत."

"मग तोपर्यंत इंग्रजीवर टाका ना."

किती साधा सल्ला! पण भाषा बदलायची तर 'भाषा' या शब्दाला जर्मनमध्ये काय म्हणतात ते ठाऊक हवं. म्हणजे घराला कुलूप, किल्ली घरात आणि किल्ली कुठे ठेवली आहे ते लिहिलेली चिठ्ठीही घरातच. ज्याला ती भाषा येते त्याला ती बदलायची गरज नसते आणि ज्याला गरज असते त्याला ती बदलता येत नाही. गरजूला कर्ज मिळत नाही आणि मिळतं त्याला गरज नसते, हे आमच्या खात्यातलं सत्य मी रोज पाहतो. संगणकातही तेच दिसल्यावर जरा घरच्यासारखं वाटलं.

आमच्या नववीतल्या चिरंजीवांनी एका वाक्यात तोडगा काढला. "बाबा, शब्द वाचू नका, जागा बघा. शेवटून तिसरा मेनू, त्यातली शेवटची ओळ." मेनू म्हणजे प्रत्येक देशात त्याच क्रमाने मांडलेलं ताट आहे, मीठ कुठे आणि लिंबू कुठे हे डोळे मिटून सांगता येतं, हे त्या पिढीला उपजतच कळतं. त्या जागेवरून आत गेलो तर भाषांची यादी निघाली आणि तिच्यात 'म'वर चक्क मराठी. जर्मन माणूस स्वतःच्या भाषेला 'डॉइच' म्हणतो, आपण तिला जर्मन म्हणतो. मराठीला मात्र तोही मराठीच म्हणतो. उगीचच बरं वाटलं.

हे असं झालं का, याचा शोध लावल्याशिवाय मला चैन पडेना. ताळेबंदात सात पैशांचा फरक आला तरी रात्री आठपर्यंत बसून तो शोधणाऱ्या शेवटच्या पिढीतला मी. तर संगणकात 'भाषा' नावाचं एकच खातं नसतं. निदान तीन असतात. एक, यंत्र तुमच्याशी कोणत्या भाषेत बोलतं ते. दुसरं, तुम्ही कोणत्या मुलखातले, म्हणजे तारीख, पैसे आणि आकडे कसे मांडता ते. तिसरं, तुम्ही स्वतः कोणत्या भाषेत लिहिता ते. भाच्याने पहिलं खातं इंग्रजी केलं होतं. दुसरं तसंच जर्मन राहिलं होतं. नव्या प्रोग्रामने आल्या आल्या मला काही न विचारता या दुसऱ्या खात्यात डोकावून पाहिलं, मुलूख जर्मनी दिसला आणि त्याने मला जर्मन ठरवून टाकलं. एखाद्याचं आडनाव वाचूनच त्याच्या जेवणाची पसंती ठरवणारे यजमान असतात, त्यातलाच प्रकार.

यातलं दुसरं खातं सर्वांत धोक्याचं, कारण ते दिसत नाही. शब्द चुकीच्या भाषेत असले तर निदान कळत नाहीत, म्हणून तरी माणूस सावध होतो. आकडे कुठल्याही भाषेत कळल्यासारखेच वाटतात. जर्मनीत दशांश चिन्ह म्हणजे स्वल्पविराम आणि हजार सुटे करायला टिंब. आपल्याकडे नेमकं उलट. गच्चीवरच्या टाकीसाठी सव्वा मीटर पाइप आणला होता. हिशेबाच्या तक्त्यात मी १.२५० असा आकडा घातला, तर यंत्राने तो बाराशे पन्नास वाचला आणि दराने गुणून बेरीज दाखवली. एवढ्या पाइपात आमच्या गच्चीवरचं पाणी थेट रेल्वे स्टेशनात गेलं असतं. जिभेची भाषा बदलते ते सगळ्यांच्या ध्यानात येतं, पैशाची भाषा मुकाट्याने बदलते. मुलूख बदलून भारत केला, तेव्हा टिंब टिंबाच्या जागी आलं आणि लाख, कोटी आपापल्या स्वल्पविरामांसह सुखरूप परतले.

मग नोटीस लिहायला घेतली. 'उद्या पाणी येणार नाही.' आमच्या सोसायटीच्या वाङ्मयातलं हे सर्वाधिक आवृत्त्या निघालेलं वाक्य. लिहून पाहतो तो 'उद्या'खाली लाल नागमोडी रेघ, 'पाणी'खाली रेघ, 'येणार'खाली रेघ, 'नाही'खाली रेघ. मॅट्रिकला मराठीत सत्तर मार्क मिळवलेला मनुष्य चार शब्दांच्या वाक्यात चारही शब्द चुकतो, हे मला पटेना. शोधलं तर तिसऱ्या खात्यात भाषा हिंदी! प्रोग्रामने अक्षरं देवनागरी पाहिली आणि परस्पर ठरवलं की हा गृहस्थ हिंदी लिहितोय आणि फारच वाईट लिहितोय.

यात यंत्राचा सगळाच अपराध नाही, हेही सांगितलं पाहिजे. जगातल्या लिप्यांतल्या अक्षरांना क्रमांक देणारी युनिकोड नावाची जी व्यवस्था आहे, तिची पहिली आवृत्ती १९९१ साली निघाली. तिच्यात देवनागरीच्या मुख्य वस्तीला १२८ जागा आहेत. मराठी, हिंदी, संस्कृत, नेपाळी, कोकणी या सगळ्या त्याच वस्तीत राहतात. चाळीतल्या सामाईक नळासारखी व्यवस्था. पाणी भरताना कोण कुठल्या खोलीतलं हे नळाला कळत नाही. 'घर' हा शब्द मराठी की हिंदी, हे त्या शब्दाकडे बघून खुद्द ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही. २००९ साली महाराष्ट्र शासनाने निर्णय काढून मराठी 'ल' आणि 'श' यांची वळणं ठरवून दिली. काही फॉन्टांमध्ये भाषा 'मराठी' लावली की ही वळणं येतात, नाहीतर हिंदी धाटणीची. म्हणजे अक्षर तेच, क्रमांक तोच, पण ते कुणाचं हे सांगितल्यावाचून त्याचा चेहरादेखील ठरत नाही.

इथे मी थांबलो. इतका वेळ मी समजत होतो की, भाषा ही दिसण्याची गोष्ट आहे. मराठी लिहिलं की ते मराठी आहे हे आपोआप कळतं. पण यंत्राच्या दृष्टीने भाषा ही सांगण्याची गोष्ट निघाली. सांगितलं नाहीत तर तुमच्या वतीने दुसरं कुणीतरी सांगतं आणि मग तुमच्या पाण्याखाली लाल रेघ येते.

आता तुम्ही म्हणाल, चार टिचक्या मारून दुरुस्त झालं ना, मग एवढं तत्त्वज्ञान कशाला? आमच्या शाखेतल्या कॅशियरसाहेबांचंही हेच म्हणणं. दुपारी डबा खाताना मी त्यांच्यापुढे हा विषय काढला. (ज्या माणसाच्या हातात नोटा असतात त्याच्यापुढे तत्त्वज्ञान मांडू नये, डबा असतो तेव्हा मांडावं.) ते म्हणाले, "साहेब, माझा मोबाइल पहिल्यापासून इंग्रजीत आहे. मला काही कमी पडलं नाही. तुमच्या त्या मराठीत 'पूर्वनिर्धारित' वगैरे वाचत बसायचं म्हणजे शिक्षाच. काम झाल्याशी मतलब."

मुद्दा बिनतोड होता, कारण त्याच आठवड्यात मी तो प्रोग्राम मराठीत लावून पाहिला होता. 'संपादन' वर टिचकी मारताना आपण अग्रलेख लिहिणार आहोत असं वाटतं. 'चिकटवा' वाचून हात खळीकडे जातो. आमच्या हिने 'साठवा' वाचलं आणि म्हणाली, "अहो, साठवायचं ते बरणीत. कागद ठेवायचा असतो." मधेच एखाद्या ओळीचं भाषांतर करायचं राहून गेल्यामुळे ती इंग्रजीच असते, जेवणाच्या पंगतीत एकट्याच सुटाबुटात बसलेल्या पाहुण्यासारखी. स्वतःच्याच भाषेत माणूस परका वाटू शकतो, हा अनुभव याआधी मला फक्त सरकारी परिपत्रकांनी दिला होता. पण आठ-दहा दिवसांत तो परकेपणा गेला. 'चेक' आणि 'ड्राफ्ट' हे शब्द तरी आपल्या आजोबांना कुठे आईच्या दुधातून मिळाले होते? वापरले, रुळले. आता 'साठवा' म्हटल्यावर मला बरणी आठवत नाही. हिला आठवते, पण तिला सगळ्यावरूनच बरणी आठवते.

तरीही कॅशियरसाहेबांना इंग्रजी आवडत असेल, तर त्यांनी खुशाल इंग्रजी वापरावं. त्यात नैतिक अपराध काडीचाही नाही. माझं म्हणणं एवढंच की निवडणं आणि पडणं यांत फरक आहे. बघा, ठेवीची मुदत संपली आणि ठेवीदाराने 'आणखी दोन वर्षं ठेवा' म्हणून सांगितलं, तर ती गुंतवणूक झाली. त्याने काहीच सांगितलं नाही आणि पैसे नुसते पडून राहिले, तर ते पडलेले पैसे झाले. रिझर्व्ह बँकेने २०२१ साली या पडलेल्या पैशांचा दरही ठरवून दिला: बचत खात्याचा दर किंवा ठेवीचा ठरलेला दर, यांपैकी जो कमी असेल तो. मौनाला व्याज मिळतं, पण कमी असेल तेच.

माणसं बोलत नाहीत म्हणजे त्यांना मत नसतं असं नाही, हेही आता सिद्ध झालेलं आहे. २००३ साली एरिक जॉन्सन आणि डॅनियल गोल्डस्टीन या दोन संशोधकांनी 'सायन्स' या नियतकालिकात युरोपातल्या अवयवदानाच्या संमतीचे आकडे मांडले. जर्मनीत संमती देणारे सुमारे १२ टक्के, शेजारच्या ऑस्ट्रियात ९९ टक्क्यांहून जास्त. दोन्हीकडची भाषा जर्मन, सीमा लागून. मग ऑस्ट्रियन माणूस एवढा दानशूर आणि जर्मन इतका चिक्कू कसा? तर जर्मनीत 'हो' असेल तर कळवायचं होतं आणि ऑस्ट्रियात 'नाही' असेल तर. दोन्हीकडे बहुतेकांनी काहीच कळवलं नाही. एका देशाचं मौन नकार धरलं गेलं, दुसऱ्याचं होकार. मौन तेच, फक्त वेगवेगळ्या खात्यांत जमा झालं.

आता आमच्या काउंटरवरची एक गोष्ट सांगतो. भाजी विकणाऱ्या एक आजी आमच्या खातेदार आहेत. त्या सही मराठीत करतात, वळणदार आणि पूर्ण नावाची. दर दोन-चार दिवसांनी त्या मोबाइल घेऊन यायच्या आणि काचेतून आत सरकवायच्या. "बाळा, काय म्हनतंय बघ रं ह्ये." खात्यात पैसे आले किंवा गेले की येणारा तो संदेश इंग्रजीत असे. मी वाचून सांगायचो. मी रजेवर असलो तर शिपाई सांगायचा. बँक बंद असली तर रस्त्यावर जो कुणी भेटेल तो.

हे ऐकायला गोड वाटतं. पण जरा विचार करा. ज्या मोबाइलवर पैसे आल्याचा निरोप येतो, त्याच मोबाइलवर पैसे काढायचा ओटीपीही येतो. तो कुणालाही सांगू नका, असं आम्ही भिंतीवर लिहून ठेवतो, आणि जी बाई तो वाचू शकत नाही तिच्यापुढे तो कुणाला तरी दाखवण्यावाचून दुसरा मार्ग ठेवत नाही. जिला तिजोरीची किल्ली रोज नव्या अनोळखी माणसाच्या हातात द्यावी लागते, तिला आपण 'सावध राहा' असं बजावतो. आजींचं आजवर काही गेलं नाही, ही त्यांना भेटलेल्या माणसांची पुण्याई. व्यवस्थेची नव्हे.

मी त्यांचं खातं उघडून पाहिलं. संदेशाची भाषा: इंग्रजी. खातं उघडण्याच्या मूळ अर्जात भाषेचा रकाना कोराच होता. संगणक कोरा रकाना ठेवत नाही. त्याने आपलं 'इंग्रजी' भरून टाकलं. अर्ज मात्र नियमाप्रमाणे तीन भाषांत छापलेला होता, कारण रिझर्व्ह बँकेचं सांगणंच आहे की ग्राहकांसाठीचं छापील साहित्य इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तिन्हींत असावं. म्हणजे 'तुम्हाला कोणती भाषा हवी?' हा प्रश्न आजींना तीन भाषांत विचारला गेला होता, आणि एकाही माणसाने विचारला नव्हता.

"आजी, हे मराठीत येऊ शकतं. करायचं का?"

"येतंय व्हय? मंग मला कुनी इचारलंच न्हाई."

साहेबांची सही घेऊन ते करून दिलं. पुढच्या खेपेला आजी मोबाइल घेऊन आल्या, पण तो काचेतून आत सरकवला नाही. लांब धरून, एकेका अक्षराखाली बोट फिरवत त्यांनी स्वतःच वाचला. इतके रुपये जमा, एवढी शिल्लक. दोनदा वाचला. मग म्हणाल्या, "इतकंच व्हय? आन् मला वाटायचं, कायतरी कोर्टाबिर्टाचं असंल." इतकी वर्षं दर दोन-चार दिवसांनी त्या बाईच्या हातात कोर्टाचा कागद पडत होता, आणि मोबाइल मात्र 'तुमचे पाचशे रुपये जमा' असं म्हणत होता.

तेव्हापासून 'काम झाल्याशी मतलब' हे मला पुरत नाही. काम तर होतच होतं. पैसे जमा होत होते, निघत होते, हिशेब पैशाला पैसा जुळत होता. फक्त त्यात आजी नव्हत्या.

पण म्हणून प्रत्येक गोष्ट विचारूनच करायची म्हटलं, तर तेही चालायचं नाही. एखाद्या घरी गेलात आणि यजमानाने चहा हवा का, किती, दूध किती, साखर किती, कप कोणता, बशी हवी की नको, असं विचारत बसायचं ठरवलं, तर चहा येईपर्यंत तुमची शेवटची लोकल जाईल. न विचारता काहीतरी पुढे ठेवावंच लागतं. यंत्रालाही, बँकेलाही, यजमानालाही. तेव्हा प्रश्न डिफॉल्ट असावं की नसावं हा नाहीच. मौनाचा अर्थ लावताना लावणाऱ्याने कुणाच्या सोयीचा लावला, हा आहे. मधुमेह्यापुढे साखरेचा चहा ठेवणं ही विसर असू शकते, पण त्याने कप बाजूला सारायला हात पुढे केल्यावर 'तो कप हलवण्याची सोय आमच्याकडे फ्रेंचमध्ये आहे' म्हणणं हा अपराध आहे. न विचारता जे द्यायचं, ते निदान असं असावं की घेणाऱ्याला ते दिसेल, नकोसं झालं तर त्याच्याच भाषेत परत करता येईल, आणि तो गप्प बसला म्हणून देणाऱ्याचा फायदा होणार नाही. याहून जास्त अपेक्षा मी वाणिज्य शाखेचा असल्यामुळे करत नाही.

ही झाली देणाऱ्याची बाजू. नोंद दुहेरी असते, त्यामुळे घेणाऱ्याकडेही बघायला हवं. २०११ च्या जनगणनेत मराठी मातृभाषा सांगणारे ८ कोटी ३० लाख निघाले. हिंदी आणि बंगालीच्या खालोखाल तिसरा क्रमांक. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात दर्जाही दिला. आम्ही शाखेत पेढे वाटले. पण जनगणनेला विचारायला दाराशी माणूस येतो, म्हणून आपण सांगतो. यंत्र असं दाराशी येत नाही. प्रोग्राम बनवणारे लोक कोण कुठली भाषा लावून बसलंय ते मोजतात, आणि कमी वापराच्या भाषेवर खर्च कशाला, असाही हिशेब करतात. ज्याने निवडून इंग्रजी लावलं त्याचा आकडा इंग्रजीकडे जातो, हे योग्यच आहे. पण ज्याने काहीच लावलं नाही त्याचाही तिकडेच जातो. मौन कधी वाया जात नाही. ते कुठे ना कुठे जमा होतंच, फक्त खातं दुसऱ्याचं असतं. आणि दुहेरी नोंदीच्या नियमाप्रमाणे एका ठिकाणी जमा झालं की दुसऱ्या ठिकाणी तितकंच नावे पडतं. मराठीच्या नावे काय काय पडलं असेल, त्याचा उतारा अजून कुणी काढलेला नाही.

मग यात खरा डिफॉल्टर कोण? ज्याने विचारलं नाही तो, की ज्याने सांगितलं नाही तो? पुष्कळ दिवस विचार करून मी या खात्यावर जे शेरा मारतो तो असा: खातं जोडीचं आहे. वसुली दोघांकडून करावी, पण सुरुवात ज्याच्या हातात पेन होतं त्याच्यापासून. आजींच्या हातात पेन फक्त सहीपुरतं आलं होतं.

सुदैवाने पडून राहिलेल्या गोष्टींबद्दल आमच्या खात्याचा नियम त्यामानाने दयाळू आहे. ज्या ठेवीला १० वर्षं कुणी हात लावला नाही, ती २०१४ पासून रिझर्व्ह बँकेच्या एका निधीत जमा होते. पण ती बुडत नाही. मूळ मालक किंवा त्याचे वारस केव्हाही आले आणि ओळख पटवून मागणी केली, तर पैसे परत मिळतात. अशा ठेवी शोधायला २०२३ पासून 'उद्गम' नावाचं संकेतस्थळही आहे. इतकी वर्षं गप्प का बसलात, असं वारसाला कुणी विचारत नाही. भाषेच्या बाबतीतही हाच नियम लागू असावा, असं मला वाटतं. मालकी गेलेली नाही. फक्त मागणीचा अर्ज करायला हवा.

अर्जाचा नमुना तिन्ही भाषांत उपलब्ध आहे. कोणत्या भाषेतला हवा, ते मात्र काउंटरवर सांगावं लागतं.